झिजलेल्या चाकाची धाव

मोडनिंब (जि. सोलापूर) : चाक झिजते ते जमिनीला टेकणाऱ्या कडेला. मधला तुंबा आणि आरे त्या मानाने पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणून झिजणारा भाग वेगळा ठेवावा आणि तो संपला की तेवढाच बदलावा, ही युक्ती बैलगाडीच्या लोखंडी धावेत दिसते, मालमोटारीच्या टायरमध्ये दिसते आणि शहरातील हौशी मंडळींच्या रिमोटवर धावणाऱ्या मॉडेल मोटारीतही दिसते. पुणे-सोलापूर महामार्ग आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग या दोहोंवर असलेल्या मोडनिंबच्या परिसरात या युक्तीचा इतिहास बराच मागे जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील गाडे अवजड असत. चाके दगडाची किंवा भरीव लाकडाची, आणि ती ओढण्यास अनेक बैल लागत. बहुतेक माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. 1830 च्या दशकात मोडनिंबच्याच माढा तालुक्यातील टेंभुर्णी येथे महसूल सर्वेक्षण खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सुधारित, हलक्या बैलगाड्या बनविण्याचे काम सुरू झाले. आरे असलेले चाक आणि त्यावर लोखंडी धाव, दोन बैलांनी सहज ओढावी अशी ती गाडी. पुढची शंभरावर वर्षे दख्खनच्या शेतीने आपले ओझे तिच्यावरच वाहिले. टेंभुर्णीत आज याची आठवण फारशी निघत नाही, ही खेदाची गोष्ट.

या चाकाची रचना साधी दिसते, पण तशी नाही. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले साधारणपणे बारा आरे, आर्‍यांच्या टोकांवर सहा वक्र पाटे आणि सर्वांना बाहेरून आवळून धरणारी धाव. लाकूड बहुधा बाभळीचे. यात खिळ्यांचा आधार नाममात्र असतो. सारे चाक एकत्र राहते ते धावेच्या आवळणीमुळे. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते आणि धाव खुळखुळू लागते. तेव्हा शेतकरी चाके पाण्यात बुडवून ठेवतो किंवा धाव आणि पाटा यांच्यामध्ये पाचर ठोकतो. हा उपाय तात्पुरता. खडकाळ वाटेवर वर्षानुवर्षे आपटून लोखंडही ताणले जाते, पातळ होते आणि मग लोहाराकडे गेल्यावाचून गत्यंतर नसते.

लोहाराची खरी परीक्षा मापात असते. चाकाचा परिघ मोजून धाव त्याहून किंचित तोकडी करायची. जुनी धाव वापरण्याजोगी असेल, तर तिचा तुकडा कापून टोके पुन्हा सांधायची. नंतर ती गोवऱ्यांच्या आरात लालबुंद तापवायची, दोघातिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घेण्याआधी तिच्यावर पाणी ओतायचे. चार फूट व्यासाच्या चाकाचा परिघ सुमारे 3.8 मीटर भरतो. लोखंडाचे तापमान 500 अंशांनी वाढले, तर तेवढ्या लांबीची पट्टी साधारण सव्वादोन सेंटीमीटरने लांबते. लोहाराचा सारा खेळ याच सव्वादोन सेंटीमीटरच्या आत चालतो. धाव कमी तोकडी ठेवली, तर ती पुन्हा सैल पडणार. अधिक तोकडी केली, तर थंड होताना आरे वाकणार किंवा पाटे फुटणार. तापमापक हाताशी नसताना, केवळ लोखंडाच्या रंगावरून हा अंदाज बांधला जाई.

हेच तत्त्व आगगाडीनेही वापरले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत पोहोचली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. त्या काळी आगगाडीच्या चाकावर पोलादी टायर धावेप्रमाणेच तापवून चढविण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. आताची बहुतेक चाके अखंड असतात. त्यांची कड झिजली की लेथवर तासून मूळ आकार परत आणतात. अर्थात व्यास ठरावीक मर्यादेखाली गेला की चाक बादच.

ऊसवाहतुकीत लोखंडी धावेची जागा रबरी टायरने घेतली. गाडी हलकी चालू लागली, धाव चढविण्याचे काम मात्र लोहाराच्या हातून सुटले. गोटा झालेल्या टायरवर रिमोल्डिंग करतात, म्हणजे जुना पृष्ठभाग खरवडून त्यावर नवे रबर चढवून ते उष्णता आणि दाब देऊन पक्के करतात. आतला सांगाडा निर्दोष असेल तरच हा खर्च सार्थकी लागतो. शिवाय जाणकार मंडळी असा टायर वाहनाच्या पुढच्या चाकांना लावत नाहीत.

मॉडेल मोटारीची गोष्ट याच घराण्यातली. एकास दहा प्रमाणाच्या मोटारीत रबरी टायर प्लॅस्टिकच्या रिमवर झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाने बसवलेला असतो. डांबरी रस्त्यावर तो लवकर गुळगुळीत होतो आणि पालक संपूर्ण चाकांचा नवा संच आणतात. त्याची नेहमीच गरज नसते. चाक अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवल्यास गोंद सुटतो व जुना टायर निघतो. नायलॉनच्या रिमला याची सहसा बाधा होत नाही. अन्य काही प्लॅस्टिके मात्र विरघळतात, म्हणून आतल्या बाजूला आधी थेंबभर लावून पाहावे. अॅसिटोन चटकन पेट घेतो, तेव्हा हे काम मोठ्यांनी, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. रिमवरचा जुना गोंद पूर्ण खरवडावा, टायरच्या आतील फोमचे कडे दबले असल्यास बदलावे आणि गोंद लावण्यापूर्वी चाक फिरवून टायर सरळ बसला आहे ना हे पाहावे. वाकडा बसलेला टायर वेगात थरथरतो आणि बेअरिंग खातो.

रिमच्या मध्यभागी आसावर बसणारी षटकोनी खाच असते, बहुधा 12 मिलिमीटरची. तिचे कोपरे झिजून गोल झाले असतील, तर नवी रिमच घ्यावी लागते. अन्यथा मोटर फिरते, आस फिरतो आणि चाक जागच्या जागी उभे राहते.