यंत्राचा मेंदू आणि वेळेची शिस्त

लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर पोलादाचा तुकडा कापला जात असताना कारागिराचे हात हँडलवर असतात, डोळा हत्याराच्या टोकावर असतो आणि कान कापाच्या आवाजाकडे लागलेला असतो. आवाज बदलला की हात आपोआप सैल पडतो. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कारखान्यांत टर्नरचे काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. हात, डोळा आणि कान यांचे हे काम आकड्यांच्या हवाली करण्याचा उद्योग पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या आरंभी कपाटांएवढे नियंत्रक होते. आज तळहातावर मावणारा, एकाच बोर्डावर मांडलेला संगणक तेच काम करू शकतो. मधल्या काळात काय घडले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे गृहस्थ हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कारखाना चालवीत. पात्याच्या वक्राकृतीचे साचे अचूक कापणे ही त्यांची अडचण होती. १९४० च्या दशकात फ्रँक स्टुलेन या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्राकडून वक्रावरील बिंदू काढून घेतले. मग एक माणूस तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाची आणि दोन कारागीर आपापल्या अक्षाचे हँडल त्या आकड्यांप्रमाणे फिरवीत. माणसेच येथे यंत्राचे घटक झाली होती! ती काढून त्यांच्या जागी मोटर बसवावी, हा विचार त्यानंतर सुचणे स्वाभाविकच होते.

१९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने या कल्पनेस पैसा दिला आणि काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेकडे गेले. सप्टेंबर १९५२ मध्ये तेथे सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल हे मिलिंग यंत्र भोके पाडलेल्या कागदी फितीवरून चालवून दाखविण्यात आले. त्याच्या नियंत्रकात अडीचशेच्या आसपास निर्वात नळ्या आणि दीडशेहून अधिक रिले होते. यंत्र चालले, पण छोट्या कारखानदाराने त्याकडे दुरूनच पाहावे, अशी त्याची किंमत होती. पार्सन्स यांना १९५८ मध्ये पेटंट मिळाले खरे, तथापि प्रयोगशाळेच्या पसाऱ्यात मूळ कल्पक माणूस बाजूला पडला तो पडलाच.

त्याच सुमारास दुसरी एक वाट उपलब्ध होती. कुशल कारागिराने एकदा जॉब कापावा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवून घ्याव्यात आणि पुढे यंत्राने त्या पुन्हा पुन्हा कराव्यात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने असे यंत्र केलेही होते. ही वाट का सोडली गेली? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नोंदीच्या पद्धतीत कौशल्य कारागिराच्या हाती राहत होते आणि व्यवस्थापनाला नेमके तेच नको होते. विमानाच्या अवघड आकारांना आकड्यांची पद्धतच अधिक सोयीची होती, हेही विसरता येत नाही. म्हणून नोबल यांचे मत पुरतेपणी मान्य करणे कठीण आहे. परंतु आज्ञा देण्याचा अधिकार कारागिराच्या बाकावरून कार्यालयातील टेबलावर गेला, ही त्यांची नोंद खोटी म्हणता येणार नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करताना असेच एक स्वयंचलित मिलिंग यंत्र कर्ट व्हॉनेगट यांनी पाहिले आणि त्यातून त्यांची ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी १९५२ मध्ये अवतरली. यंत्रशाळेतील एखादे यंत्र साहित्यात जाऊन बसावे, असा योग क्वचितच येतो.

पुढे नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले, फितींच्या जागी संगणक आले. नियंत्रक लहान झाला. पण तो निर्मात्याने मोहरबंद केलेली पेटीच राहिला. तो बिघडला की कारखानदाराने कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावे, आणि कंपनीने सुटे भाग देणे थांबविले की धडधाकट ओतीव यंत्र केवळ मेंदूअभावी भंगारात काढावे, असे प्रकार घडू लागले.

या पेटीचे झाकण उघडले ते एका सरकारी संस्थेने. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने १९९० च्या दशकात सामान्य संगणकावर चालणारी नियंत्रणप्रणाली रचली. मिशिगनमध्येच, पाँटिअ‍ॅक येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात चार अक्षांच्या यंत्रावर तिची परीक्षा झाली. तेथील संघराज्य सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे ही प्रणाली सर्वांना खुली झाली आणि स्वयंसेवकांनी ती पुढे वाढविली. तिचे आद्याक्षरी नाव एका मोठ्या कंपनीच्या नावाशी जुळत असल्याने २०११ मध्ये ते बदलून ‘लिनक्ससीएनसी’ करावे लागले.

खरी अडचण मात्र वेळेची होती. लहान यंत्रांवर बहुधा स्टेपर मोटर असते. विजेचा एक स्पंद मिळाला की ती एक पाऊल फिरते. समजा, एका फेऱ्यास २०० पावले आहेत, चालक-मंडल प्रत्येक पावलाचे १० भाग करते आणि स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ४०० स्पंद झाले. टेबल मिनिटाला ३ मीटर वेगाने न्यावयाचे तर सेकंदाला २०,००० स्पंद हवेत. दोन स्पंदांत अंतर सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाचे. हा ठेका चुकला तर मोटर अडखळते, पावले गाळते, आणि साध्या रचनेत ती गाळल्याचे संगणकाला कळतही नाही. तो आपल्या समजुतीने बरोबर असतो. जॉब तेवढा वाया गेलेला असतो.

सर्वसाधारण संगणक सरासरीने वेगवान असतो, परंतु यंत्राला सरासरीचे काय करावयाचे? दिवसभर वेळेवर येऊन एकदाच उशीर करणारा नोकरही येथे कुचकामाचा. त्यावर १९९० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील एका तंत्रसंस्थेत उपाय निघाला. लिनक्स या संपूर्ण कार्यप्रणालीलाच एका चिमुकल्या गाभ्याच्या हाताखाली सर्वांत कनिष्ठ काम म्हणून बसविण्यात आले. तातडीचे काम आधी, बाकी सारे नंतर. या युक्तीच्या बळावर जुन्या संगणकांच्या प्रिंटर-पोर्टातून कित्येक यंत्रे चालली. पुढे नव्या संगणकांतून तो पोर्टच नाहीसा होऊ लागला.

नेमक्या त्याच सुमारास स्वस्त बोर्ड आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरांचा रास्पबेरी पाय विक्रीस आला आणि एप्रिल २०१३ मध्ये ४५ डॉलरांचा बीगलबोन ब्लॅक. रास्पबेरी पाय शाळकरी मुलांना संगणक शिकविण्यासाठी घडविला गेला होता; कीर्ती त्यालाच अधिक लाभली. यंत्रशाळेच्या दृष्टीने मात्र बीगलबोनच्या पोटातील एक गोष्ट अमोल होती. त्याच्या मुख्य प्रक्रियकाशेजारी त्याच चिपमध्ये दोन छोटे प्रक्रियक आहेत. त्यांची गती मुख्य प्रक्रियकाच्या पंचमांश, पण त्यांना दुसरे कसलेच काम नाही. बहुतेक आज्ञा ते सेकंदाच्या वीस कोटीव्या भागात पार पाडतात, आणि दर वेळी तेवढ्याच वेळात. मुख्य प्रक्रियकाने दर सहस्रांश सेकंदाला प्रत्येक अक्ष कोठे असावा हे ठरवावे आणि या मुक्या सहाय्यकाने त्याचे स्पंद मोजून द्यावेत, अशी वाटणी झाली. रास्पबेरी पायला आरंभी असा सहाय्यक नव्हता. त्यावर यंत्र चालविणाऱ्यांनी स्पंद काढणारे निराळे कार्ड बाहेरून जोडले. वाटणी तीच, केवळ सहाय्यक घराबाहेर राहिला.

२०२४ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत, वीस वर्षे बाहेर जोपासलेली वेळेच्या हमीची व्यवस्था मूळ प्रणालीत सामावली गेली. स्वस्त बोर्ड बसवून जुनी यंत्रे पुन्हा कामास लावणाऱ्यांची एक खटपट त्यामुळे कमी झाली. एक गोष्ट मात्र ते आजही या बोर्डावर सोपवीत नाहीत. संकटसमयी दाबावयाचे लाल बटण साध्या तारांनी रिलेला जोडलेले असते आणि ते दाबताच, संगणकाला न विचारता, मोटरांचा वीजपुरवठा तुटतो.