उमेदवारी आणि पदवी

मुंबई विद्यापीठाची स्थापना सन १८५७ मध्यें झाली, हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्यापूर्वीं सातच वर्षें, सन १८५० मध्यें, कंपनी सरकारनें उमेदवारीविषयीं एक कायदा केला होता, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास जास्तींत जास्त सात वर्षें एखाद्या धंदेवाल्याच्या हाताखालीं करारानें ठेवावें, व त्यानें मुलास आपला धंदा शिकवावा, अशी त्यांत योजना होती. हा कायदा विशेषेंकरून अनाथ व धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांसाठीं होता. हातानें शिकावयाच्या विद्येस आपल्याकडे कमीपणा आला, त्याचीं कारणें अनेक आहेत; जातिभेद हें त्यांतलें फार जुनें. पण ह्या दोन सालांत तो कमीपणा जणूं सरकारी दप्तरांत नोंदला गेला. एक वाट पोरक्यांची, दुसरी पदवीधरांची.

ही वांटणी बरोबर होती काय? ह्याचें उत्तर त्याच काळच्या मुंबईंत सांपडतें.

जावजी दादाजी चौधरी ह्यांचा जन्म सन १८३९ चा. घरची गरिबी असल्यामुळें ते लहानपणींच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. तेथें टॉमस ग्रॅहम ह्यांच्या देखरेखीखालीं देवनागरी अक्षरांचे सुबक खिळे तयार होत असत. खिळा घासणें हें काम दिसावयास हलकें. पण खिळ्याची उंची केसभर चुकली कीं अक्षर एक तर पुसट उठतें, नाहीं तर कागदांत रुततें. पोलादाच्या कांडीवर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, आणि त्या साच्यांत शिशाचा मिश्रधातु ओतावयाचा. त्यांत नागरी लिपीचीं जोडाक्षरें शेंकडों. शिवाय मात्रा, उकार, रफार अक्षराच्या वरखालीं नेमके बसले पाहिजेत. हें ज्ञान वर्गांत बसून मिळणारें नव्हे. तें डोळ्यानें पाहून आणि बोटांनीं चुकूनच येतें.

सन १८६२ मध्यें मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले; रानडे आणि भांडारकर त्यांत होते. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८६४ मध्यें, जावजींनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यांत निष्णात असलेले राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी. पुढें १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांनीं संपादिलेली ‘काव्यमाला’ ह्याच छापखान्यांतून निघूं लागली. पंडितांनीं पाठ शुद्ध करावा आणि कारागिरांनीं तो शुद्ध उठवावा, असा हा सहकार होता. विद्यापीठाच्या वर्गांत कधीं न बसलेल्या माणसाच्या छापखान्यांतील संस्कृत ग्रंथ विद्यापीठांचे विद्यार्थी वापरूं लागले.

तरी एका जावजींकडे बोट दाखवून उमेदवारीचे गोडवे गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शिकवणारा मिळाला तर उमेदवारी. न मिळाला तर ती नुसती स्वस्त मजुरी. खिळे घासण्यास बसलेला प्रत्येक मुलगा ठसे कोरण्यापर्यंत पोंचला असेल, असें कोण म्हणेल? म्हणून कराराला आणि कायद्याला महत्त्व आहे. स्वतंत्र हिंदुस्थानानें सन १९६१ मध्यें उमेदवारीचा नवा कायदा केला. त्यानें ठराविक उद्योगांवर उमेदवार घेण्याचें बंधन घातलें आणि उमेदवारास विद्यावेतनाचा हक्क दिला. १९७३ च्या दुरुस्तीनें तर अभियांत्रिकीचे पदवीधरही ह्या कायद्याच्या कक्षेंत आले. पोरक्यांसाठीं आंखलेल्या वाटेवर पदवीधरालाही यावें लागलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आजही मुलगा अगर मुलगी कारखान्यांत उमेदवारी करावयाचें म्हणाली, तर घरांत प्रथम काळजीचा सूर निघतो, आणि लोक काय म्हणतील असें विचारलें जातें. त्याऐवजीं आईबापांनीं दोन प्रश्न विचारावे: तेथें शिकवणार कोण, आणि किती दिवसांनीं अवघड काम हातीं देणार? ह्यांचें समाधानकारक उत्तर मिळालें, तर त्या मुलास निःशंकपणें पाठवावें.