घटस्फोटानंतर मूल कोणाकडे? ताबा आणि पालकत्व यांचा इतिहास



प्रवेशाच्या दिवसांत भिलाईतल्या आमच्या महाविद्यालयात मी फॉर्म तपासायला बसते. एका वर्षी एका मुलाने 'वडील/पालक यांची सही' ही जागा कोरी ठेवली होती. आई शेजारीच उभी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आई-बाबांचा घटस्फोट झालाय, मी आईकडे राहतो. इथे सही कोणी करायची?" मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या कोऱ्या जागेमागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो आपण या टिपणात पाहू.

1. आधी दोन शब्द वेगळे करा

ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहते, कोणाच्या हातचे जेवते. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा, त्याचे पैसे व जमीन सांभाळण्याचा अधिकार. मूल आईच्या ताब्यात आणि पालकत्व मात्र वडिलांकडे, असे होऊ शकत होते. ही फारकत लक्षात घेतली की पुढचा इतिहास समजतो.

2. 1890: एका कायद्यात दोन विचार

इंग्रजी अमलात 1890 साली पालक व पाल्य अधिनियम झाला. तो सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे आणि आजही चालू आहे. त्याचे कलम 17 सांगते की मुलाचे हित पाहा, त्याचे वय पाहा, मूल समजते असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्या. कलम 19 मात्र सांगत होते की वडील हयात असतील आणि अपात्र नसतील, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये. एकीकडे मुलाचे हित, दुसरीकडे वडिलांचा हक्क. पुढची शंभर वर्षे या दोन विचारांची ओढाताण चालली. 1941 साली प्रसिद्ध झालेल्या सरस्वतीबाई खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने कौल पहिल्या बाजूला दिला: प्रश्न बापाच्या किंवा आईच्या भल्याचा नाही, फक्त मुलाच्या भल्याचा आहे.

3. घटस्फोट कायद्यात आला

अनेक जातींत काडीमोड पंचायतीसमोर होत असे. हिंदूंसाठी लेखी कायदा प्रथम काही संस्थानांत आला: कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी 1919 मध्ये, बडोद्यात 1931 मध्ये. मुंबई प्रांताने 1947 मध्ये कायदा केला. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा जवळजवळ देशभर लागू झाला. त्याच्या कलम 26 नुसार मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांबद्दल न्यायालय हुकूम देऊ शकते आणि तो पुढे बदलूही शकते.

4. 1956: 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई'

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम 13 ने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असेही त्यात आले. पण कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' असा क्रम होता. 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावर, असाच अर्थ लोक लावत.

5. विदर्भातला शेतीचा खटला

या 'नंतर' शब्दाला पहिला धक्का एका कुळाच्या भांडणातून बसला. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान हा विदर्भातला खटला 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. जिजाबाईंच्या लहानपणी त्यांच्या नावची जमीन आई कुळाला कसायला देत असे. 1951 पासून तोंडी व्यवहार चाले, 1956-57 साठी कागद झाला. नवरा-बायको वीसहून अधिक वर्षे वेगळे राहत होते. वडील हयात होते, पण मुलीत त्यांचे लक्ष नव्हते. मग आईने केलेला व्यवहार ग्राह्य धरायचा का? न्यायालयाने म्हटले, या मुलीपुरते वडील नसल्यासारखेच होते, म्हणून आईच नैसर्गिक पालक. गंमत पाहा: निकाल जिजाबाईंच्या विरुद्ध आणि कुळाच्या बाजूने लागला, पण त्यात आईच्या सहीला मान मिळाला.

6. पुन्हा एक फॉर्म

1984 साली लेखिका गीता हरिहरन यांनी अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले. अर्जावर वडिलांची सही आणा किंवा पालकत्वाचा दाखला आणा, असे उत्तर आले. त्यांचे लग्न टिकून होते आणि नवऱ्याची संमतीही होती, तरी आईची सही पुरेना. या प्रकरणासोबत वंदना शिवा यांची याचिकाही ऐकली गेली. त्यांच्या घटस्फोटाचा दावा चालू होता आणि नवरा स्वतःला नैसर्गिक पालक म्हणवत होता. 17 फेब्रुवारी 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ 'अनुपस्थितीत' असा लावला: वडील लक्ष देत नसतील किंवा तसे आपसांत ठरले असेल, तर ते हयात असतानाही आई पालक असते. आधार म्हणून विदर्भातला तोच निकाल पुढे आला. 2010 मध्ये कलम 19 मध्येही वडिलांच्या जोडीला आईचा उल्लेख आला.

तरी कलम 6 मधले शब्द न्यायालयाने तसेच ठेवले; बदलला तो अर्थ. समानता अजून अर्ध्या वाटेवर आहे, असे माझे मत आहे.

7. आज काय होते?

भिलाईत राहणाऱ्या मुलासाठी अर्ज दुर्गच्या कुटुंब न्यायालयात करावा लागतो, कारण मूल नेहमी जिथे राहते तिथलेच न्यायालय ते पाहते. मूल एकाकडे राहिले तरी दुसऱ्याला भेटीचे दिवस ठरवून मिळतात. दोघांनी मिळून ताबा सांभाळण्याचा पर्याय कायद्यात यावा, असे विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात सुचवले. 1973 च्या रोझी जेकब खटल्यात न्यायालयाने बजावले होते की मुले ही आई-बापांच्या मालकीची वस्तू नव्हेत.

त्या दिवशी सही आईने केली आणि मी फॉर्म जमा करून घेतला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे घडले असेल, तर फॉर्मच्या त्या जागेपाशी मान खाली घालू नका. नवरा-बायकोचे नाते न्यायालयात संपते, आई-बापाचे संपत नाही.

विचार करा

(अ) ताबा आणि पालकत्व यांतला फरक स्वतःच्या उदाहरणाने लिहा.
(आ) 1970 चा निकाल 1999 मध्ये का उपयोगी पडला?
(इ) तुमच्या महाविद्यालयाचा प्रवेश फॉर्म पाहा. त्यात आईच्या सहीला जागा आहे का?