मैदानही शाळेचंच

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही बंद केली आणि गप्पा सुरू झाल्या. एक ताई म्हणाली, "पोरगी आठवी पास झाली. पुढची शाळा दूर आहे. त्यात तिला खो-खोचं वेड. आता बास करावं म्हणते." कोणीच काही बोललं नाही. बहुतेकींच्या घरी हे कधी ना कधी घडलेलं आहे. म्हणून आज आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या गावाकडच्या हायस्कुलाची गोष्ट सांगते.

शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या पोराला चौथीच्या पुढे शिकायचं तर शहर गाठावं लागे. तिथे राहायचं कुठे आणि खायचं काय, हाच पहिला प्रश्न. 1914 साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला. शेतकऱ्यांच्या मुलांना राहायला जागा मिळावी म्हणून बोर्डिंग चालवायचं, तिथून या कामाची वाट पुढे गेली. आज या संस्थेच्या शाळा जिल्हाभर आहेत. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगरपट्ट्यात मात्र शाळा पोचायला आणखी वेळ लागला. 1937 साली दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ स्थापन केलं आणि आदिवासी मुलांसाठी शाळा, वसतिगृहं सुरू झाली.

म्हणजे बघा, खेड्यातलं हायस्कूल आपोआप आलं नाही. गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. हायस्कूल मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या संस्थेनं काढलेलं आणि सरकारी अनुदानावर चाललेलं असतं. पुष्कळ गावांत लोकांनी जमीन दिली, वर्गणी काढली, श्रमदान केलं.

शाळा आली, पण फी? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फी माफ झाली. आपले वडीलधारे ज्याला 'ईबीसी' म्हणतात, तीच ही सवलत. पुढे मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत झालं. फीची अडचण सुटली, तर अंतराची उरली. त्यासाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावानं एसटीचा मोफत पास आला. तो पास माझ्याही दप्तरात होता. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचे मी. 2011-12 पासून मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावू लागल्या, सायकलीही मिळू लागल्या. एकेक अडचण अशी हळूहळू दूर होत गेली.

आता माझी गोष्ट. आमचं हायस्कूल लहान. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. गणित आणि विज्ञान एकच सर शिकवायचे. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. पण पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, लेझीम, गॅदरिंगमधली नाटिका, विज्ञान प्रदर्शन, सगळं व्हायचं. मी खो-खोच्या संघात होते. खांबाला वळसा घालून पळायची तेव्हा पोरी ओरडायच्या, तो आवाज अजून कानात आहे.

नववीत गेले आणि घरून सांगणं आलं, "आता मोठी झालीस, खेळ बंद." शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं. पाळीच्या दिवसांत तर घरीच राहायचं. सरांनी एकदा विचारलं, मी मान खाली घातली. पुढे बी.ए. झाले, आज तुमच्यासमोर माईकवर बोलतेय. पण मोठ्यानं बोलायचं धाडस मला पुस्तकानं दिलं नाही. ते मैदानावर आलं होतं, आणि ते परत मिळवायला मला पुढची दहा वर्षं लागली.

साधारण माझ्याच वयाची एक मुलगी त्याच वर्षांत हरसूलजवळच्या सावरपाड्यात पळत होती. कविता राऊत. डोंगरातल्या पाड्यावरची, आदिवासी घरातली. पुढे नाशकात भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्रसिंग सरांच्या हाताखाली तिनं सराव केला. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, आणि त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. 2012 साली अर्जुन पुरस्कार आणि 2016 साली रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागले. तिच्यानंतर जिल्ह्यातल्या किती तरी मुली पळू लागल्या. सगळ्यांना पदकं मिळणार नाहीत. पण पळणाऱ्या मुलीला 'आता बास' म्हणताना घरच्यांना निदान दोनदा विचार करावा लागतो.

मैत्रिणींनो, आठवी ते नववी ही उडी सगळ्यात अवघड. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतचा. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच. नेमकं त्याच वयात मुलगी मोठी होते आणि घर घाबरतं. म्हणून तिथे आपण उभं राहायचं.

आठवीत असतानाच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अर्ज शाळेतूनच भरतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा आहेत. त्यांचे, तसेच ठरलेल्या पातळीपर्यंत खेळ खेळल्याचे, दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे खेळ आणि चित्रं अभ्यासाच्या आड येतात, हे काही खरं नाही.

पालकसभेला आपण जातो, मार्क विचारतो, घरी येतो. यापुढे आणखी तीन गोष्टी विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? खेळाच्या तासाला मुली मैदानावर असतात, की वर्गात बसून राहतात? सरावाला थांबलेल्या मुलीला घरी जायला शेवटची बस मिळते का? एकटीनं विचारायला संकोच वाटला, तर गटातल्या चौघी मिळून जा. बँकेत कर्ज मागायला आपण एकत्र जातोच ना?

त्या ताईच्या मुलीचं नाव नववीत घातलंय. बसचा पासही झालाय. खो-खोचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की मी ताईला पुन्हा विचारणार आहे. तुम्हीही तुमच्या गटात विचारा.