गुणपत्रिका नसलेल्या कॉलेजातला बँड

पंक रॉकच्या जन्माची एक ठरलेली कथा आहे. चार पोरे एकत्र येतात, कुणालाच धड वाजवता येत नाही, तरी ती स्टेजवर चढतात आणि शाळा, मास्तर, परीक्षा या साऱ्याला लाथाडून एक नवे संगीत उभे करतात. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावी ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘बिकिनी किल’ या बँडलाही ही कथा सहज चिकटवली जाते. तीन मुली, एक मुलगा, कर्कश गिटार, स्त्रियांवरच्या अत्याचाराविषयी तारस्वरात म्हटलेली गाणी. त्यातही अनेकांना हा बँड एका भिंतीपुरताच ठाऊक असतो. गायिका कॅथलीन हॅना हिने कर्ट कोबेनच्या घराच्या भिंतीवर एका डिओडरंटचे नाव घेऊन थट्टेचे वाक्य लिहिले आणि त्यातून १९९१ मध्ये त्याच्या ‘निर्वाणा’ या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला शीर्षक मिळाले, एवढेच. या कथेतून निसटते ती गोष्ट अशी की हा बँड एका सरकारी कॉलेजाच्या सावलीत घडला. त्या कॉलेजाने कुणाला गिटार शिकवली नाही. पण अर्धवट काम न लाजता चारचौघांपुढे मांडण्याची सवय तिथे लागत होती, आणि ते मांडण्याची साधने हाताशी होती. बिकिनी किलच्या कामाच्या रीतीवर त्या सवयीचा ठसा आहे. त्यांच्या चळवळीच्या मर्यादाही बऱ्याच अंशी तिथूनच आल्या आहेत.

हे कॉलेज म्हणजे एव्हरग्रीन स्टेट कॉलेज. त्याची स्थापना राज्याच्या विधिमंडळाने १९६७ मध्ये केली आणि १९७१ मध्ये तिथे वर्ग भरू लागले. अमेरिकेतली विद्यापीठे त्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या असंतोषाने खदखदत होती. त्यामुळे नवे कॉलेज काढायचेच तर ते जुन्याची नक्कल नसावे, हा विचार रुजायला जमीन तयार होती. पहिले अध्यक्ष चार्ल्स मॅकॅन यांनी चार गोष्टींना नकार दिला: विभाग नकोत, प्राध्यापकांच्या पायऱ्या नकोत, सक्तीचे विषय नकोत, ग्रेड नकोत. विद्यार्थी एका सत्रात पाच-सहा सुटे विषय घेण्याऐवजी एकाच मोठ्या अभ्यासक्रमात पूर्णवेळ बुडलेला असे. वेगवेगळ्या विद्याशाखांचे शिक्षक तो मिळून शिकवत. वाचलेल्या पुस्तकावर सगळे समोरासमोर बसून चर्चा करत. सत्राअखेर अंक किंवा अक्षर हाती पडत नसे. शिक्षक परिच्छेदभर लेखी अभिप्राय देई आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाविषयी लिहिलेला अभिप्रायही त्याला जोडलेला असे. ही पद्धत चांगली की वाईट, हा वाद अमेरिकेत आजही मिटलेला नाही. इथे तिचा एक परिणाम लक्षात घ्यायचा: जिथे गुण नाहीत तिथे नापास होण्याची भीतीही पातळ होते आणि अपुरे काम दाखवण्यात कमीपणा वाटेनासा होतो.

पण नुसती वृत्ती पुरत नाही. ऑलिंपिया ही राज्याची राजधानी असली तरी १९९० मध्ये तिची वस्ती ३३ हजारांच्या आसपास होती. सिएटल तिथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. एवढ्याशा गावात स्वतंत्र संगीताचे जाळे विणले गेले त्याच्या मुळाशी कॉलेजाच्या आवारातले ‘केएओएस’ हे रेडिओ केंद्र होते. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात जॉन फॉस्टर यांनी पुढे धोरण आणले की वाजवल्या जाणाऱ्या संगीतापैकी ८० टक्के संगीत स्वतंत्र, छोट्या कंपन्यांचे असावे. बड्या कंपन्यांच्या तबकड्या सगळीकडे वाजतच होत्या. त्यांना इथे पाहुण्यासारखे बसवले गेले. फॉस्टर यांच्याच ‘लॉस्ट म्युझिक नेटवर्क’ने १९७९ पासून ‘ऑप’ हे नियतकालिक काढले. संस्थेची आद्याक्षरे एल-एम-एन आणि नियतकालिकाचे नाव ओ-पी, म्हणजे मुळाक्षरांच्या ओळीतला विनोदच. एकेका अंकाला एकेक अक्षर घेत ते १९८४ मध्ये झेडपाशी थांबले. याच कॉलेजात शिकणाऱ्या ब्रूस पॅव्हिट यांनी १९८० मध्ये ‘सबटरेनियन पॉप’ नावाचे फॅनझिन सुरू केले. फॅनझिन म्हणजे चाहत्याने स्वतः लिहून, चिकटवून, झेरॉक्स काढून वाटलेले अनियतकालिक. त्याचेच पुढे सिएटलमध्ये ‘सब पॉप’ झाले आणि निर्वाणाचा पहिला अल्बम तिथून आला. केएओएसवर कार्यक्रम करणाऱ्या कॅल्व्हिन जॉन्सन यांनी १९८२ मध्ये ‘के रेकॉर्ड्स’ काढली. बिकिनी किलची पहिली तालीम झाली तेव्हा या गावात दहा वर्षांची घडी बसलेली होती.

त्या घडीत बँडची ही माणसे कशी आली ते पाहण्यासारखे आहे. हॅना एव्हरग्रीनमध्ये छायाचित्रण शिकत होती आणि गावातल्या अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या आसऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करत होती. लिंगभेद आणि एड्स या विषयांवरचे तिचे प्रदर्शन कॉलेजने उतरवले, तेव्हा मैत्रिणींना घेऊन तिने गावात ‘रेको म्यूज’ नावाची गॅलरी उघडली. तिथे चित्रेही लागत आणि बँडही वाजत. लेखिका कॅथी अॅकर यांच्या कार्यशाळेत हॅनाला सल्ला मिळाला की, तुला ऐकणारे हवे असतील तर कवितावाचन सोड आणि बँड काढ. टोबी व्हेल शाळकरी वयापासून ऑलिंपियाच्या बँडांत ड्रम वाजवत होती आणि ‘जिगसॉ’ हे फॅनझिन काढत होती. ते वाचून हॅनाने तिच्याशी संपर्क साधला. कॅथी विलकॉक्स एव्हरग्रीनचीच विद्यार्थिनी होती. गिटारवादक बिली कॅरन याने व्हेलबरोबर आधी काम केले होते. म्हणजे या बँडची बीजे छायाचित्रांच्या प्रदर्शनात, कवितावाचनात आणि झेरॉक्सच्या पानांत होती. संगीत त्या मानाने उशिरा आले. ‘किल रॉक स्टार्स’ या ऑलिंपियाच्या कंपनीची १९९१ मधली पहिली तबकडीसुद्धा गाण्याची नव्हती. हॅना आणि कंपनीचा चालक स्लिम मून यांनी आपापले लेखन बोलून दाखवलेली ती तबकडी होती.

आता बँडच्या रीतीकडे वळू. १९९१ मध्ये त्यांनी स्वतः काढलेली पहिली कॅसेट म्हणजे कच्चा खर्डा होता, आणि तसाच तो विकायला ठेवला गेला. स्टेजवर सदस्य अधूनमधून वाद्यांची अदलाबदल करत. हातखंडा वाद्यावरून उठून कमी येणारे वाद्य लोकांदेखत हाती घेत. गाण्यांचे शब्द झेरॉक्स काढून श्रोत्यांना वाटले जात, जणू चर्चेआधी दिलेला मजकूर. पंकच्या मैफलीत स्टेजपुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या मुलांची असे. हॅना मुलांना मागे सारून मुलींना पुढे बोलावी आणि कधी माइक श्रोत्यांतल्या मुलींच्या हाती देई, म्हणजे त्यांनी आपल्यावर गुदरलेले सांगावे. याच काळात वॉशिंग्टन डीसीत ‘रायट गर्ल’ या नावाने मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. तिथे वर्तुळ करून बसायचे आणि प्रत्येकीने बोलायचे. या प्रत्येक गोष्टीला पंकमध्ये किंवा १९७०च्या स्त्रीमुक्ती गटांत जुने दाखले सापडतात, हे खरे. पण त्या सगळ्या एका बँडच्या कामात एकत्र आल्या, तेव्हा त्यांचा आकार एव्हरग्रीनच्या चर्चावर्गाशी विलक्षण जुळतो: मजकूर वाटा, वर्तुळ करा, तज्ज्ञाची वाट न पाहता बोला, आणि स्वतःच्या कामाचा अभिप्राय स्वतः लिहा. फॅनझिन हा तोच स्वतःचा अभिप्राय होता, फक्त वाचणारे शिक्षक नसून दूरच्या गावांतल्या अनोळखी मुली होत्या.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ज्या कॉलेजने प्रदर्शन उतरवले त्याला श्रेय कसले द्यायचे? बंड झाले ते कॉलेजमुळे नव्हे, कॉलेजला न जुमानता झाले. या आक्षेपात तथ्य आहे. संस्थेचा हेतू आणि संस्थेचा परिणाम या निराळ्या गोष्टी आहेत आणि मी इथे परिणामाविषयी बोलतो आहे. प्रदर्शन उतरवल्यावर त्या मुलींनी अर्जविनंत्यांवर न थांबता स्वतःची जागा थाटली. हा मार्ग त्यांना सुचला, कारण रेडिओ, नियतकालिक, रेकॉर्ड कंपनी अशा स्वतः थाटलेल्या गोष्टी त्यांच्या गावात डोळ्यांपुढे होत्या. शिवाय अमेरिकेत दारू पिण्याचे कायदेशीर वय २१ असल्याने कॉलेजातल्या निम्म्याअधिक पोरांना बारमध्ये चालणाऱ्या मैफली बंदच असत. त्यांच्यासाठी गॅलरीत, घरांत, भाड्याच्या सभागृहांत सर्व वयांना खुले कार्यक्रम भरवावे लागले. कॉलेजने मदत केली तेव्हाही आणि अडवले तेव्हाही ही मुले एकाच दिशेला ढकलली गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पंकला कॉलेज लागत नाही: रमोन्स न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या मोहल्ल्यातून आले, मिनटमेन सॅन पेड्रो या बंदराच्या कामकरी वस्तीतून. मग एका बँडवरून नियम का काढायचा? नियम काढायचा नाहीच. मोहल्ल्यातल्या पंकला मोहल्ला हीच शाळा होती. तिथे मोठा भाऊ, शेजारचा गॅरेजवाला, कोपऱ्यावरचे रेकॉर्डचे दुकान हे काम करत. प्रश्न मुलींचा होता. त्या मोठ्या भावाच्या गॅरेजात मुलींना सहसा प्रवेश नसे. त्यांना दुसरे दार हवे होते, आणि ते अनेकींना कॉलेजातून सापडले. बिकिनी किलचा सोबती बँड ‘ब्रॅटमोबाइल’ याच्या अॅलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनमध्ये भेटल्या. बँड नीट उभा राहण्याआधी त्यांचे ‘गर्ल जर्म्स’ हे फॅनझिन निघाले. १४ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांचा पहिला कार्यक्रम ऑलिंपियात बिकिनी किलबरोबरच झाला. ‘हेवन्स टू बेट्सी’ या बँडची कोरिन टकर एव्हरग्रीनची, आणि पुढे तिने जिच्यासोबत ‘स्लीटर-किनी’ काढला ती कॅरी ब्राउनस्टीनही तिथलीच. ऑगस्ट १९९१ मध्ये के रेकॉर्ड्सने ऑलिंपियात भरवलेल्या संगीतसंमेलनाची पहिली रात्र केवळ मुलींच्या बँडांसाठी राखून ठेवली होती. एवढे योगायोग एका गावाभोवती जमत नाहीत. त्या उन्हाळ्यात बिकिनी किल वॉशिंग्टन डीसीला गेला, तिथले पंक संगीतकार इयन मॅकाय यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले, तिथल्या राजकीय पंक मंडळींनी बैठकांना छप्पर दिले. डीसीचे हे ऋण मोठे आहे. पण तिथे जाताना लिहिण्याची, छापण्याची आणि वाटण्याची सवय या मुली बरोबर घेऊन गेल्या होत्या.

मात्र दार कॉलेजचे असले की त्यातून कोण आत येणार हेही ठरून जाते. ‘हे खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलींचे बंड’ ही टीका रायट गर्लवर झाली. हॅनापुरती ती अन्यायाची आहे; फी भरण्यासाठी तिने स्ट्रिप क्लबमध्ये नाचण्याचे काम केले आणि ते कधी लपवले नाही. चळवळीपुरती मात्र ती टीका बरीच खरी आहे, आणि ती बाहेरच्यांआधी आतल्यांनी केली. न्यू जर्सीतली कृष्णवर्णीय मुलगी रामदाशा बिकसीम हिने ‘गंक’ या फॅनझिनमधून गोऱ्या मुलींच्या या मेळ्यातले आपले एकटेपण मांडले. मिमी थी न्गुयेन यांनी १९९७ मध्ये ‘इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ या संकलनात वर्णभेद सोसणाऱ्या पंकांचे लेखन एकत्र आणले. अनुभव सांगणे, त्याला राजकीय नाव देणे, त्यावर चर्चा करणे ही भाषा ज्यांना वर्गात मिळाली त्यांना बैठकीत बोलणे सोपे गेले; इतरांना आधी ती भाषा शिकावी लागली. वर्तमानपत्रांशी १९९२ मध्ये झालेल्या बेबनावातही हेच दिसते. बड्या साप्ताहिकांनी चळवळीला फॅशनच्या पानावर नेऊन बसवले, तेव्हा बिकिनी किल आणि अनेक रायट गर्ल गटांनी पत्रकारांशी बोलणेच थांबवले. स्वाभिमान म्हणून ते समजते. पण ज्या गावांत केएओएस नव्हते, झेरॉक्सची पाने पोचत नव्हती, तिथल्या मुलींना या साऱ्याची खबर त्या बदनाम साप्ताहिकांतूनच लागण्याची शक्यता अधिक होती. आपले जाळे सर्वांना पुरेल असे वाटणे, ही ते जाळे आयते मिळालेल्यांची चूक होती.

१९९३ मध्ये रॉक गायिका जोन जेट यांच्या सहभागाने निघालेली तबकडी, त्याच वर्षीचा पहिला पूर्ण अल्बम, १९९६ चा दुसरा आणि १९९७ मध्ये फारकत: बँडचा पहिला प्रवास सात वर्षांत संपला. २०१९ मध्ये ते पुन्हा स्टेजवर आले. मधल्या काळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयाने रायट गर्ल संग्रह उभारला आणि हॅनाने आपले कागद तिकडे सोपवले. बंड शेवटी संस्थेच्या कपाटात गेले, म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली. ही हळहळ पंकच्या ठरलेल्या कथेवर विसंबलेली आहे. तो संग्रह उभारणाऱ्या लिसा डार्म्स स्वतः ऑलिंपियाच्या त्याच वर्तुळात वावरलेल्या होत्या. काय जपायचे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून गाजलेल्या तबकड्यांबरोबर खाडाखोडीच्या वह्या, चिकटवलेली कच्ची पाने आणि पत्रेही तिथल्या खोक्यांत गेली. कॉलेजात ती गुण न देता वाचली गेली असती, तशाच अवस्थेत ती पाने तिथे आहेत.