परातीतले रूलेट: घरच्या कॅसिनो नाइटसाठी



दिवाळीच्या पाडव्याला जुन्या पंचांगांत आणखी एक नाव आहे: द्यूतप्रतिपदा. शिवपार्वती या दिवशी सारीपाट खेळले अशी कथा आहे. बिशानच्या आमच्या घरी त्या रात्री पत्त्यांचा डाव ठरलेला असे. मुले मोठी झाली, तीन पत्तीचा कंटाळा आला, तेव्हा घरीच रूलेट बनवायची टूम निघाली. दोनतीन चुकांनंतर जमलेली कृती येथे देत आहोत. आपल्यालाही करून पाहता येईल.

साहित्य

उभट काठाची मोठी स्टीलची परात, ९ मिलिमीटर प्लायची गोल चकती, फिरत्या ट्रेखाली असते तसले चपटे बेअरिंग, आइस्क्रीमच्या काड्या, एक उलटी ताटली, कपाटाची मूठ, १६ मिलिमीटरची गोटी, दुहेरी चिकटपट्टी आणि १३० बाय ६० सेंटिमीटरचे हिरवे फेल्ट.

प्लायची चकती दुकानातूनच कापून आणा. एचडीबी फ्लॅटमध्ये करवत चालवून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेऊ नका.

चाक

१. आधी बेअरिंग व प्लाय परातीत ठेवून चकती किती उंचीवर येते ते पाहा. त्या उंचीवर परातीचा आतला व्यास मोजा. चकतीचा व्यास त्याहून १ सेंटिमीटर कमी हवा. फट जास्त राहिली तर गोटी खाली जाऊन अडकते. आमची पहिली चकती त्यामुळेच फुकट गेली.

२. चाकाला ३७ घरे लागतात, ० ते ३६. कोनमापकाने ९.७३ अंश मोजत बसू नका, चूक साठत जाते. सोपा उपाय म्हणजे कागदाची पट्टी. चकतीचा व्यास ३५.३ सेंटिमीटर असेल तर परीघ जवळजवळ १११ सेंटिमीटर येतो, म्हणजे एक घर बरोबर ३ सेंटिमीटरचे. पट्टीवर खुणा करा, ती चकतीला गुंडाळा आणि खुणा कडेवर उतरवून घ्या.

३. आकड्यांचा क्रम शून्यापासून घड्याळाच्या दिशेने असा:
०, ३२, १५, १९, ४, २१, २, २५, १७, ३४, ६, २७, १३, ३६, ११, ३०, ८, २३, १०, ५, २४, १६, ३३, १, २०, १४, ३१, ९, २२, १८, २९, ७, २८, १२, ३५, ३, २६.
शून्य हिरवे. त्यापुढे ३२ लाल, १५ काळा, असे आळीपाळीने. शेवटचा २६ काळा येतो. तसा आला नाही तर मध्ये कुठेतरी एखादा आकडा सुटला आहे असे समजा.

४. आकड्यांचे कागदी कडे चिकटवा. त्यावर काड्यांचे ३ सेंटिमीटर लांबीचे ३७ तुकडे आडव्या धारेवर, केंद्राच्या दिशेने उभे करून चिकटवा. मध्यभागी ताटली उलटी लावा, म्हणजे मधे गेलेली गोटी घसरून परत घरांत येते. ताटलीच्या मधोमध मूठ बसवा.

५. बेअरिंगची वरची पट्टी चकतीला स्क्रूने आणि खालची परातीला चिकटपट्टीने जोडा. परातीला भोक पाडू नका, पुढेमागे कणीक मळायला ती लागेलच!

पट

फेल्टवर ८ सेंटिमीटरचे चौकोन आखा: तीन उभे रकाने, बारा ओळी. शून्याच्या टोकाकडून १-२-३, मग ४-५-६ असे ३६ पर्यंत लिहा. रंगांची युक्ती लक्षात ठेवा: १ ते १० आणि १९ ते २८ मध्ये विषम आकडे लाल, तर ११ ते १८ आणि २९ ते ३६ मध्ये सम आकडे लाल. बाजूला तीन 'डझन' आणि त्याखाली लाल-काळा, सम-विषम, १-१८ व १९-३६ यांचे चौकोन काढा.

देणे

एका आकड्यावर ३५ पट, दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर १७, तिघांवर ११, चौघांच्या कोपऱ्यावर ८, सहांवर ५, डझन किंवा रकान्यावर २ आणि लाल-काळा वगैरेंवर १ पट. लावलेली चिप वेगळी परत मिळते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप द्या, म्हणजे 'ही माझी' यावरून भांडण होत नाही.

चाकाची परीक्षा

आमच्या चाकावर पहिल्या रात्री १७ च्या आसपासचे आकडे सारखे येत होते. हे लक्षात आले ते वहीत आकडे टिपत बसलेल्या मुलीच्या! टेबल एका बाजूला किंचित कलले होते. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जॅगर या इंग्रज गृहस्थाने अशाच सदोष चाकाच्या जोरावर माँटे कार्लोच्या कॅसिनोला जेरीस आणले होते. तेव्हा पाणसळ लावून परात सपाट करा आणि आधी ३७० वेळा गोटी फिरवा. प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यायला हवा. ६ किंवा १४ आले तर चिंता नको. एखादा २० च्या वर गेला तर चाक तपासा. मुलांना शक्यतेचे गणित शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला मिळालेले नाही.

महत्त्वाचे: पैसे लावू नका

पहिल्या वर्षी आम्ही ५० सेंटची चिप ठेवली होती. यजमान म्हणून बँक आमचीच. रात्र संपता संपता एक जवळचे मित्र गप्प झाले. हरलेली रक्कम मोठी नव्हती, पण ती आमच्याच डब्यात आली होती आणि जेवणाच्या पानावर कुणाला काही बोलवेना. पुढच्या वर्षी रोख बंद केली.

यात नशिबाचा दोष नव्हता. सर्व ३७ घरांवर एकेक चिप लावा, हातात ३६ परत येतात. ही एक चिप बँकेची. म्हणजे १०० मागे सरासरी २.७ बँकेकडे जातात, कसेही खेळा. अमेरिकन चाकावर शून्ये दोन असल्याने हा वाटा ५.२६ होतो. मुलांना हे घरीच कळलेले बरे, कारण २०१० पासून सिंगापुरात दोन कॅसिनो आहेत. तेथे वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, आणि नागरिक व पीआर यांना २०१९ पासून दिवसाला १५० डॉलर प्रवेशशुल्क आहे.

कायदाही माहीत असावा. १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या गॅम्बलिंग कंट्रोल ॲक्टनुसार कुटुंबीय व मित्रांनी कुणाच्या घरी प्रत्यक्ष बसून खेळायला मुभा आहे, पण तो धंदा नसावा आणि आयोजकाने त्यातून कमाई करू नये. व्हॉइड डेक किंवा भाड्याचा हॉल म्हणजे घर नव्हे. ऑनलाइन खेळाला ही सवलत नाही. महाराष्ट्रात तर १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला.

आता आम्ही प्रत्येकाला १०० चिप फुकट देतो, बँक दर अर्ध्या तासाने बदलतो आणि पहिल्या आलेल्याला चकलीचा डबा देतो. स्टीलवर गोटी फार वाजते, म्हणून परातीखाली जाड चादर घाला आणि दहाला खेळ आटपा.

कुणाला जुगाराची सवय जड जात असेल तर संकोच न करता नॅशनल कौन्सिल ऑन प्रॉब्लेम गॅम्बलिंगच्या १८००-६-६६८-६६८ या क्रमांकावर बोलावे.

चाक जमले की जरूर कळवा. ते मित्रही दर पाडव्याला येतात, आणि गेल्या खेपेस डबा त्यांनीच नेला!