कर्नल स्टॅकची मर्यादा आणि फाइल सिस्टिम

लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक थ्रेडला ठरावीक आकाराचा स्वतंत्र कर्नल स्टॅक दिलेला असतो. सामान्य प्रोग्रॅमच्या स्टॅकप्रमाणे तो गरजेनुसार वाढत नाही. मर्यादा ओलांडल्यास शेजारच्या स्मृतीतील माहिती बिघडते व संगणक कोलमडू शकतो. या मर्यादेतील बदलांचा मोठा परिणाम फाइल सिस्टिमच्या रचनेवर झाला आहे.

== पार्श्वभूमी ==
३२-बिट एक्स८६ संगणकांवर हा स्टॅक ८ केबीचा, म्हणजे ४ केबीच्या सलग दोन पानांचा होता. स्मृती विखुरलेली असताना सलग पाने मिळणे कठीण जाई. म्हणून २००४ मध्ये ४ केबी स्टॅकचा पर्याय देण्यात आला. २०१० मध्ये तो काढून टाकण्यात आला.

== अडचणी ==
सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने मूळ आयरिक्ससाठी विकसित केलेल्या एक्सएफएसमध्ये डिस्कवरील जागा वाटप करताना फंक्शनांची लांब साखळी तयार होते. तिच्यावर एनएफएस आणि तिच्याखाली एलव्हीएम किंवा रेड असल्यास ही साखळी आणखी वाढते. शिवाय स्मृती कमी पडल्यावर, आधीच बराच भरलेल्या स्टॅकवरूनच कर्नल फाइल सिस्टिमला बदललेली पाने डिस्कवर लिहिण्यास सांगत असे.

== उपाययोजना ==
* मोठ्या आकाराची स्थानिक चले स्टॅकवर न ठेवता स्वतंत्रपणे मागून घेतलेल्या स्मृतीत ठेवणे.
* पुनरावर्ती हाकांऐवजी क्रमाने काम करणे. एकावर एक रचलेल्या डिस्क-स्तरांसाठी हा बदल २००७ मध्ये झाला.
* जागा वाटपाचे काम नवा, रिकामा स्टॅक असलेल्या वेगळ्या थ्रेडकडे सोपवणे. एक्सएफएसने ही पद्धत २०१२ मध्ये स्वीकारली. यात थ्रेड बदलण्याचा थोडा वेळ खर्च होतो.
* स्मृती मोकळी करताना सामान्य थ्रेडमधून फाइलची पाने न लिहिणे. हे काम पार्श्वभूमीतील थ्रेडकडे सोपवले गेले.

== नंतरचे बदल ==
जून २०१४ मधील लिनक्स ३.१५ आवृत्तीत ६४-बिट एक्स८६ संगणकांवरील स्टॅक ८ वरून १६ केबी करण्यात आला. त्यामुळे दर हजार थ्रेडमागे सुमारे ८ एमबी जादा स्मृती लागते. डिसेंबर २०१६ मधील ४.९ आवृत्तीपासून याच संगणकांवर स्टॅकसाठी आभासी स्मृती वापरण्याची सोय झाली. तीत प्रत्यक्ष स्मृतीतील सलग पानांची गरज उरत नाही. स्टॅकशेजारी एक संरक्षक पान असल्याने मर्यादेचे उल्लंघन बहुधा तत्काळ लक्षात येते आणि इतर माहिती नकळत बिघडण्याचा धोका कमी होतो.